तीन पिढ्यांच्या मुलींचं मालवण

तुझं गाव कोणतं, असं पुरुषाला विचारलं की तो एकच नाव सांगतो. बाईला विचारलं की ती जरा थांबते. मग म्हणते, माहेरचं सांगू की सासरचं? लग्न झालं की रेशनकार्डावरचं गाव बदलतं, आधारवरचा पत्ता बदलतो, मतदारयादी बदलते. पण स्वप्नात येणारी पाऊलवाट काही बदलत नाही. आजच्या बोलण्याचा विषय तोच आहे, आपलं गाव आणि आपलं वय पंधराचं असताना आपण पाहिलेलं ते गाव.

आम्ही म्हणजे दहावीला एका वर्गात बसलेल्या आठजणी. मालवण शहर, दांडी, वायरी, देवबाग, कोळंब अशा जवळजवळच्या ठिकाणच्या. आता कुणी कुडाळला, कुणी कणकवलीला, एक गोव्यात, दोघी मुंबईकडे, तिघी इथंच. फोनवर आमचा गट आहे. ११ जुलै २०२५ ला पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा ठरवले आणि त्यात आमचा सिंधुदुर्ग आला, तेव्हा त्या गटावर रात्री एकपर्यंत कुणी झोपलं नाही. रायगड, राजगड, शिवनेरी, प्रतापगड, पन्हाळा, लोहगड, साल्हेर, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी यांच्या पंगतीत आमचा किल्ला बसला. त्या बाराांपैकी दोन आपल्या एकट्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातले. अभिमान वाटायलाच हवा.

पण दुसऱ्या दिवशी एकीनं प्रश्न टाकला, या इतिहासात आपण कुठं आहोत? आपल्या आज्या, आया कुठं होत्या? त्या प्रश्नावर आम्ही बरंच बोललो, घरातल्या मोठ्या बायकांना विचारलं, पुस्तकं चाळली. त्यातून जे जुळलं ते तुम्हाला सांगतो.

सुरुवात किल्ल्यापासून. १६६४ सालच्या जानेवारीत शिवरायांनी सुरत लुटली. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला मालवणच्या समोर कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर नव्या किल्ल्याच्या बांधकामाला हात लागला. जागा हीच का? समुद्रावर तेव्हा पोर्तुगीज, इंग्रज, डच आणि जंजिऱ्याचा सिद्दी यांचं राज्य. जंजिरा हाती येत नव्हता. मग आपलाच एक जंजिरा उभा करावा असं ठरलं. कुरटे बेटाच्या भोवती पाण्याखाली खडकच खडक. वाट माहीत असलेला तांडेलच होडी सुखरूप आत नेणार, परक्याचं मोठं जहाज खडकावर आपटणार. शिवाय खाऱ्या समुद्राच्या मधोमध या बेटावर गोडं पाणी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी आजही आहेत. नावं कुणी ठेवली ते लिहिलेलं नाही, पण पाणी भरणाऱ्या बाईशिवाय असली नावं कुणाला सुचणार, असं आम्हाला वाटतं.

किनाऱ्यावर दांडीच्या बाजूला मोरयाचा धोंडा आहे. त्या खडकावर गणपती, सूर्य, चंद्र, शिवलिंग कोरलेलं आहे. कामाआधीची पूजा तिथं झाली असं मालवणात प्रत्येक घरात सांगतात. पुढं तीन वर्षं काम चाललं. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली सुमारे ४८ एकरांचं बेट तटानं वेढलं गेलं. तट नागमोडी, तीन किलोमीटरच्या आसपास लांब. दरवाजा असा वळणात दडवलेला की होडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. एकटा सिंधुदुर्गच नव्हे, त्याच्या सोबतीला किनाऱ्यावर राजकोट, ओहोटीला चालत जाता येईल असा पद्मगड आणि कोळंबच्या खाडीच्या तोंडाशी सर्जेकोट. पावसाळ्यात गलबतांना आसरा हवा, दुरुस्तीला जागा हवी, त्याची ही सगळी व्यवस्था. किल्ला पुरा होण्याआधीच, १६६५ च्या फेब्रुवारीत, शिवराय मालवणहून ८५ लहान गलबतं आणि ३ मोठी जहाजं घेऊन कर्नाटकातल्या बसरूरवर गेले. आपल्या बंदरातून निघालेली ही मोहीम. शाळेत आम्ही हा धडा मान खाली घालून वाचला होता. बंदर खिडकीतून दिसत होतं तरी!

किल्ल्यात शिवराजेश्वराचं मंदिर आहे. ते राजाराम महाराजांनी १६९५ साली बांधवलं. ते स्वतः तेव्हा दूर जिंजीला होते. म्हणजे आज बारा किल्ल्यांच्या यादीत शेजारी बसलेले सिंधुदुर्ग आणि जिंजी तेव्हाही एका धाग्यानं बांधलेले होते. या मंदिरातल्या शिवरायांच्या मूर्तीला दाढी नाही आणि डोक्यावर नेहमीचा जिरेटोप नाही, आमच्या दर्यावर्दी माणसांसारखी टोपी आहे. लहानपणी आम्ही म्हणायचो, हे आमचे महाराज, आमच्यासारखे दिसणारे. तटावर चुन्यात उमटलेला त्यांच्या हाताचा आणि पायाचा ठसा छोट्या घुमट्यांत जपलेला आहे.

आता इतिहासातली एक बाई ऐका. सिंधुदुर्ग पुढं कोल्हापूरच्या गादीकडे आला. १७६० साली कोल्हापूरचे छत्रपती संभाजी वारले आणि त्यांच्या राणी जिजाबाईंनी दत्तक मुलाच्या नावानं राज्य चालवलं, १७७३ मध्ये त्या जाईपर्यंत. या शिवरायांच्या मातोश्री नव्हेत, नावानं सारख्या, काळानं शंभर वर्षांनंतरच्या. त्यांच्याच कारकिर्दीत, १७६५ साली, इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं. पण १७६६ च्या तहात पैसे भरण्याच्या बोलीवर किल्ला कोल्हापूरला परत मिळाला. फोर्ट ऑगस्टस हे नाव फार काळ टिकलं नाही. मालवण कायमचं इंग्रजांकडे गेलं ते १८१२ साली. म्हणजे मधली सेहेचाळीस वर्षं किल्ला आपल्या माणसांकडे राहिला, त्याच्या मुळाशी एका विधवा राणीचा कारभार आहे. मालवणात किती मुलींना हे माहीत आहे? आम्हाला तरी पस्तिशीत कळलं.

हा झाला पुस्तकातला इतिहास. आता घरातला.

आमच्या आज्या पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या १९५५ च्या आसपास. त्यांचं मालवण आगबोटीचं. मुंबईहून निघालेली बोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत मालवणला यायची आणि पुढं वेंगुर्ल्याकडे जायची. धक्क्याला लागण्याइतकं पाणी नाही, म्हणून बोट बाहेर खोल समुद्रात थांबायची. माणसं, ट्रंका, फणस, कोंबड्या सगळं पडावातून न्यायचं-आणायचं. लाटेवर पडाव वर गेला की बोटीवरच्या खलाशानं हात धरून ओढून घ्यायचं. एका आजीचं वाक्य आम्ही जसंच्या तसं लिहून ठेवलंय, "बोट इली की बंदरार जत्राच भरायची गो." पावसाळ्यात बोट बंद. जूनपासून चार महिने मुंबईचा माणूस मुंबईत आणि मालवणचा मालवणात.

त्या काळी घरटी एक पुरुष मुंबईत, गिरणीत नाहीतर गोदीत. गिरगाव, लालबाग, परळ ही नावं आमच्या आज्यांना कधी न जाता पाठ होती. गाव चालायचं ते मनीऑर्डरवर आणि बायकांच्या हातांवर. शेत लावायचं बायकांनी, माडाच्या चुडतांची झापं विणायची बायकांनी, सोडण भिजत घालून काथ्या वळायचा बायकांनी, मासळी सुकवून विकायची बायकांनी. पुरुष पाहुण्यासारखा गणपतीला आणि शिमग्याला येणार. बॅरिस्टर नाथ पै १९५७ साली पहिल्यांदा राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले, तेव्हा त्यांच्या सभेला आज्या डोक्यावरची पाटी खाली ठेवून उभ्या राहिल्या होत्या म्हणे. मत द्यायचं वय नव्हतं, पण ऐकायला कोण अडवणार? एकीला सभेतलं काही आठवत नाही. एवढंच आठवतं की एवढा शिकलेला माणूस आपल्या लोकांशी आपुलकीनं बोलत होता.

त्यांच्या मैत्रिणी होत्या का? होत्या तर. पण त्यांची मैत्री विहिरीवर, लावणीच्या शेतात, बाजाराच्या वाटेवर. बसून गप्पा मारायला वेळ मिळाला असं एकही आजी म्हणाली नाही. सोळाव्या-सतराव्या वर्षी लग्न. मैत्रिणींची ताटातूट कायमची. पत्र लिहायला येत नव्हतं, आणि बाईमाणसाला पत्र येणं चांगलंही दिसत नव्हतं.

आमच्या आयांचं पंधरावं-सोळावं वर्ष १९८०-८२ च्या आसपासचं. तेव्हा दोन मोठ्या गोष्टी घडल्या. पहिली आनंदाची. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा जिल्हा झाला आणि त्याला नाव मिळालं सिंधुदुर्ग. जिल्ह्याचं मुख्यालय ओरोसला गेलं, पण नाव आमच्या किल्ल्याचं. आई सांगते, शाळेच्या वहीवर पत्त्यात जिल्हा रत्नागिरी खोडून सिंधुदुर्ग लिहिताना अक्षर किती वळणदार काढलं होतं! दाखल्यासाठी, कोर्टकचेरीसाठी रत्नागिरीला जाऊन मुक्काम करायचा त्रास संपला. याच्या आदल्याच वर्षी, १९८० मध्ये, गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आलं. त्यात काम करणारे मच्छिंद्र कांबळी मालवण तालुक्यातल्या रेवंडीचे. या नाटकाचे पाच हजारांवर प्रयोग झाले. आपण घरात बोलतो ती मालवणी भाषा ऐकायला मुंबईची माणसं तिकीट काढतात, हे आमच्या आयांच्या पिढीला पहिल्यांदा कळलं.

दुसरी गोष्ट दुःखाची. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. संप कधी संपला हे कुणी सांगू शकत नाही, कारण तो संपलाच नाही, विरून गेला. त्याचे हादरे मालवणच्या प्रत्येक वाडीत बसले. मनीऑर्डर बंद. बाप ट्रंक घेऊन कायमचा घरी आला, कोपऱ्यात बसू लागला. आमच्या आठजणींच्या आयांपैकी तिघींची शाळा त्या दोन वर्षांत सुटली. भावाची सुटली नाही. त्या आंब्याच्या बागेत, काजूच्या कारखान्यात, मासळी बाजारात गेल्या. आमची एक आई म्हणते, गणित मला आवडायचं, पुढं ते बांगड्याच्या हिशोबात वापरलं. ती हे हसत सांगते. आम्हाला हसू येत नाही.

आता आमचं. आम्ही पंधरा वर्षांच्या झालो २००३ ते २००६ च्या दरम्यान. आमचं मालवण एसटीच्या लाल गाडीचं. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली होती. तिच्यामागं मधु दंडवत्यांसारख्यांचा ध्यास होता, जॉर्ज फर्नांडिसांचा पाठपुरावा होता, ई. श्रीधरन यांच्यासारख्या अभियंत्याची हुशारी होती. पण रेल्वे मालवणात येत नाही. कुडाळ, ओरोस, कणकवली या स्थानकांवरून जाते. म्हणून आमची मुंबईही एसटीनंच सुरू व्हायची.

शाळा सुटली की घरी जाण्याची सरळ वाट दहा मिनिटांची, आमची पाऊण तासाची. बाजारपेठेतून, मग बंदरावर, मग वाळूतून. रापण ओढायची चालू असली तर दप्तरं होडीच्या सावलीत टाकून दोरीला हात लावायचा. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. रापण म्हणजे भलं लांब जाळं. होडीनं ते अर्ध्या चंद्रासारखं समुद्रात सोडतात, दोन्ही टोकं किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडून तीस-चाळीस माणसं ती ओढत आणतात. जाळ्याचे तुकडे वेगवेगळ्या घरांचे, म्हणून मिळकतीत सगळ्यांचा वाटा. आणि दोरीला हात लावणाऱ्या पोरीबाळींनाही मूठभर पेडवे, तारले. मालक एक आणि बाकी मजूर असा तो धंदा नव्हता. बचतगटाचा कारभार शिकताना पुढं आम्हाला कुणी सहकार शब्द समजावून सांगितला, तेव्हा डोळ्यांसमोर रापणच आली.

आमच्यातली एक किल्ल्यावर राहायची. आजही काही घरं किल्ल्यात आहेत. ती रोज होडीनं यायची. वारा सुटला की शिक्षक खिडकीतून समुद्र बघून तिला लवकर सोडायचे. पावसाळ्यात होड्या बंद, तेव्हा ती मालवणात मावशीकडे राहायची आणि रोज संध्याकाळी बंदरावर येऊन किल्ल्याकडे बघत उभी राहायची. आम्ही पण उभ्या राहायचो, तिच्यासोबत. बाकीच्यांना किल्ला बघायला जाणं म्हणजे सहल. तिला ते घर.

नारळी पौर्णिमेला बंदरावर पाय ठेवायला जागा नसायची. किल्ल्यावरून सोन्याचा नारळ वाजतगाजत निघायचा, दर्याला अर्पण व्हायचा आणि मग मासेमारीचा नवा हंगाम. नारळ लढवायचे ते मुलगे आणि बाप्ये. आम्ही बाजूला उभ्या. आता काही वर्षांपासून बंदर जेटीवर खास बायकांच्या नारळ लढवण्याच्या स्पर्धा होतात आणि नारळ हातात घेऊन ठोकर मारणाऱ्या बायकांची रांग लागते. आम्ही तिघी दरवर्षी जातो. अजून एकदाही पहिला नंबर आलेला नाही, पण आवाज आमचाच मोठा असतो.

जत्रा म्हणजे आमची मोकळीक. आंगणेवाडीची भराडी देवी, गावोगावच्या जत्रा, गुळाचं खाजं, आणि रात्रभर दशावतार. नाटक लिहिलेलं नसतं. पौराणिक कथा सर्वांना माहीत, पात्रं उभ्या उभ्या बोलतात. पुरुषच स्त्रीपार्ट करतात, आणि असा करतात की पदर कसा सावरावा हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो. पहाटे डोळे चोळत घरी येताना आम्ही पण संवाद म्हणत यायचो, एक राक्षस, एक संकासूर, बाकी देवी.

२६ डिसेंबर २००४ चा दिवस कुणी विसरणार नाही. सुनामीची बातमी दूरदर्शनवर आली आणि देवबागच्या आमच्या मैत्रिणीचं घर तर एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. आम्ही तिच्या शेजारच्या दुकानात फोन लावत बसलो होतो. आपल्याकडं अनर्थ झाला नाही. संगमावर वाळूचा जो पट्टा आहे त्याला पुढं लोक सुनामी बेट म्हणू लागले आणि आज पर्यटक तिथं फोटो काढतात. आमच्या मैत्रिणीला मात्र ते नाव ऐकलं की अजून ती दुपार आठवते.

शाळेत प्रमाण भाषा आणि मधल्या सुट्टीत मालवणी, असे आमचे दोन जगांचे दिवस. कवी आरती प्रभू, म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, आपल्या तालुक्यातल्या तोंडवळीच्या बागलांच्या राईत १९३० साली जन्मले, 'नक्षत्रांचे देणे' या त्यांच्या संग्रहाला मरणोत्तर १९७८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे आम्हाला कळलं तेव्हा आम्ही चौघी सायकलनं ती राई बघायला गेलो होतो. घरी सांगितलं होतं की अभ्यासाला जातो. तसा तो अभ्यासच झाला.

तर मैत्रिणींनो, तीन पिढ्या झाल्या. आजीला मैत्रीसाठी विहीर होती, आईला शाळेचा अर्धा रस्ता, आम्हाला पाऊण तासाची वाळूची वाट आणि दोन सायकली. मालवण प्रत्येक वेळी तेच आणि प्रत्येक वेळी जरा जास्त आमचं. आणि आता मुद्द्याची गोष्ट.

१९९७ साली सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्याआधी १९८७ मध्ये मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं होतं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. आमच्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला, कारण पोटाचा प्रश्न होता. पुढं पर्ससीन जाळ्यांचा तंटा वाढला. ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्य सरकारनं पर्ससीनवर निर्बंध आणले. दुसरीकडं तारकर्ली, देवबाग, वायरीला पाण्याखालचं जग बघायला माणसं येऊ लागली. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. आता वारसा यादीत किल्ला. वाळूला भाव आला. आजोबांनी ज्या जागेला खारवट म्हणून नाक मुरडलं, तिथं आज गुंठ्याचा भाव ऐकून कानांवर हात ठेवावा.

आणि भाव आला की बहिणीची आठवण येते. सहीपुरती.

आमच्या आठजणींपैकी एकीला गेल्या वर्षी माहेरून बोलावणं आलं. प्रेमानं जेवू घातलं, सोलकढी, सुंगटांचं सुकं, सगळं. मग कागद पुढं आला, हक्कसोडपत्र. "तुका काय कमी आसा? सही कर नि मोकळी हो." तिनं त्या रात्री गटावर लिहिलं, मी मालवणची आहे की नाही, एवढंच मला सांगा.

त्या प्रश्नाचं उत्तर आम्ही शोधलं आणि ते तुम्हालाही ठाऊक असावं म्हणून इथं सांगतो. महाराष्ट्रानं १९९४ साली कायदा बदलून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखा हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशाच्या कायद्यानं लग्न झालेल्या आणि न झालेल्या सगळ्या मुलींना तो हक्क जन्मापासून मिळाला. तेव्हा आम्ही शाळेत होतो, रापणीची दोरी ओढत होतो, आणि आमच्या नावावर काय लिहिलं गेलं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की २००५ साली वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क राहतो. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झाली असेल तर ती मोडत नाही. आणि हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की ते फिरवणं फार अवघड.

हक्क सोडायचा की ठेवायचा, हे ज्या त्या बाईनं ठरवावं. भाऊ गरीब असेल, आईबापांना त्यानं सांभाळलं असेल, बहीण आनंदानं सोडेल, तर तेही मोठेपणच. पण सोडणारीला आधी कळायला हवं की ती काय सोडते आहे. कागद घरी आणा, वाचा, दोन दिवस मागा. सातबारा काढून बघा, वारसनोंदीत आपलं नाव आहे का ते तलाठ्याकडे विचारा. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्यानं बाईला तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकिली मदत मिळते.

आमच्या मैत्रिणीनं सही केली नाही. भांडणही केलं नाही. ती भावाला म्हणाली, बाग तुझी कसवणूक आहे, ती तूच ठेव. पण समुद्राकडची ती दोन माडांची जागा आणि विहीर, तिथं माझं नाव राहू दे. भाऊ चार महिने बोलला नाही. गणपतीला मात्र आरतीच्या वेळी फोन आला, ये. ती गेली. कागदाचं बोलणं अजून चालू आहे.

इतिहासाचा आणि सातबाऱ्याचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. संबंध असा की ज्याची आठवण लिहिलेली असते त्याचं नाव टिकतं. किल्ल्याचा इतिहास टिकला कारण कुणीतरी तो लिहिला. आमच्या आज्यांनी वळलेला काथ्या गेला, त्यांची नावं गेली. म्हणून आम्ही एक वही केली आहे. प्रत्येक बचतगटानं अशी वही करावी. गटाच्या बैठकीत हप्ता गोळा झाला की पंधरा मिनिटं एका मोठ्या बाईला बोलू द्यावं आणि जिला लिहिता येतं तिनं लिहावं. वाडीतल्या विहिरीचं नाव काय नि का, मोठा पाऊस, मोठा दुष्काळ, बंद पडलेलं बंदर, पहिली शिकलेली मुलगी, कुठली बाई कुठून नांदायला आली. आमची वही आता एकशे दहा पानांची झाली आहे. घरी पर्यटक ठेवणाऱ्या दोघी पाहुण्यांना त्यातलंच सांगतात. पाहुणे किल्ला बघून येतात आणि मग ओसरीवर बसून दूधबावची गोष्ट ऐकतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचतगटाच्या बायका कांदळवनाची सफर घडवतात, होडी वल्हवत झाडांची नावं सांगतात. जे ठाऊक आहे त्यालाच मोल येतं, हे त्यांनी दाखवलं.

गावात गाऱ्हाणं घालतात ते पुरुष. आम्ही आमचं गाऱ्हाणं या रेडिओवरून घालतो, चालवून घ्या. बा देवा रामेश्वरा, आई भराडी, जी लेक या गावात जन्मली ती कुठंही नांदो, तिला आपलं गाव सांगताना थांबावं लागू नये. तिच्या आजीचं नाव तिला ठाऊक असू दे. दर्यावर गेलेली होडी सुखरूप येऊ दे, रापणीचा वाटा सारखा पडू दे, नि सहीचा कागद पुढं आला तर तिच्या हातात आधी चष्मा दे, मग पेन दे.

तुम्ही म्हणा, होय म्हाराजा.